रक्त तपासलं, पण आकडा किती आला?

गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, "हिमोग्लोबिन किती आहे?" उत्तर ठरलेलं असतं: "मागं तपासलं होतं बाई, आकडा काही आठवत नाही." आज त्याच आकड्याविषयी बोलू या.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं, तर रक्त कमी समजतात. गरोदरपणी ही मर्यादा ११ आहे. ७ च्या खाली गेलं तर घरी गोळ्या घेत बसायचं नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं. बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला, तरी अशा बाईचा जीव धोक्यात येतो.

मग तपासणी का टळते? एक म्हणजे भीती. "तीन-तीन नळ्या रक्त काढतात, अशक्तपणा येईल." पण त्या तिन्ही नळ्यांत मिळून दोन-तीन चमचेच रक्त जातं, आणि आपल्या अंगात चार-पाच लिटर असतं. नळ्या वेगळ्या का? जांभळ्या टोपणाच्या नळीतलं औषध रक्त गोठू देत नाही. हिमोग्लोबिन त्यातून बघतात. करड्या टोपणाची नळी साखरेसाठी असते. रक्तातल्या पेशी नळीतही साखर खात राहतात, ते तिच्यातलं औषध थांबवतं. नाहीतर लॅबपर्यंत जाईतो साखर कमी दिसेल.

दुसरी अडचण पैशाची. खासगी लॅबसाठी काही जणी गटातून कर्ज मागतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. तेव्हा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पण रोजंदारी बुडते, ती कोण देणार? हा प्रश्न खरा आहे. म्हणून एकाच फेरीत काम होईल असं बघायचं. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत रक्त घेतात, हे आशाताईंना आधी विचारून ठेवा.

हिमोग्लोबिनसाठी उपाशी राहावं लागत नाही. उपाशीपोटीची साखर बघायची असेल, तर मात्र आठ तास पोटात काही नको. पाणी चालतं, चहा नाही. आणि चतुर्थीचा उपवास म्हणजे उपाशीपोट नव्हे. साबुदाण्याची खिचडी खाल्ली की साखर वाढणारच!

सगळ्यात मोठी गळती रिपोर्टपाशी होते. नमुना दुसरीकडे पाठवला तर रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही, आणि पुन्हा जायला सवड होत नाही. केसपेपरवर पुण्यात राहणाऱ्या लेकाचा नंबर दिलेला असतो. तातडीनं बोलवायचं झालं, तर दवाखान्यानं फोन कुणाला करायचा? घरात जो फोन जवळ असतो, त्याचाच नंबर द्या. रिपोर्ट इंग्रजीत असला तरी घाबरू नका. तुमच्या आकड्याशेजारी योग्य आकडा छापलेला असतो. दोन्ही ताडून बघा आणि डॉक्टरांना विचारा, "आता काय करायचं?" गोळ्या सुरू झाल्या, तर आकडा वाढला का, हे पुन्हा तपासूनच कळतं.

गटाला आमची एवढीच विनंती: पुढच्या महिन्यात एक दिवस ठरवून सगळ्या जणी मिळून जा. रिपोर्ट आणायला दोघींना पाठवा. आपापला आकडा बचतीच्या पासबुकाच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहा. बचतीची बाकी जशी तोंडपाठ असते, तसाच रक्ताचा आकडाही असू द्या.