काळजी आणि दात

सानगडीकडे शेती धानाची. ऐन रोवणीत पावसाने ओढ दिली, की जिवाला घोर लागतो. घोर मनाला लागतो, पण तो दातांनाही बाधतो. कसा, ते पाहू.

काळजीने तोंडाला कोरड पडते. लाळ ही दातांची राखणदार. ती कमी झाली की दात लवकर किडतात.

काळजीत असलेला माणूस कधी कधी झोपेत दात खातो. त्याला स्वतःला ते कळत नाही. दात झिजतात. सकाळी जबडा दुखतो.

काळजी फार दिवस राहिली, तर अंगातली रोगाशी झगडण्याची ताकद घटते. मग हिरड्या सुजतात, रक्त येते.

काही जण म्हणतात, "खर्रा खाल्ला का बरं वाटते." बरे वाटते ते घटकाभर. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. सुपारीने गाल आतून ताठ होतात. घास घेण्यापुरतेही तोंड उघडत नाही. पुढे कर्करोग होऊ शकतो.

म्हणून खर्रा सोडा. रात्री दात घासून निजा. मनातला घोर घरच्यांशी बोला. तोंडातला फोड किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी सरकारी दवाखान्यात दाखवा. रोग लवकर कळला, तर बरा होण्याची आशा मोठी असते.