हुंडिंगचे दोन प्रवेश

वाग्नरच्या 'डी वाल्क्यूरे'च्या पहिल्या अंकात माणसं तीनच. लढाईत हत्यार गमावून वादळातून एका अनोळखी घरात शिरलेला सीगमुंड, त्या घरातली सीगलिंडे आणि तिचा नवरा हुंडिंग. हुंडिंग दारात दिसायच्या आधीच वाद्यवृंदातले ट्युबा जड पावलं टाकत त्याची वर्दी देतात. तो पाहुण्याकडे बघतो, बायकोकडे बघतो. दोघांच्या डोळ्यांत एकच चमक आहे हे त्याला खटकतं. ती लहानपणी ताटातूट झालेली जुळी भावंडं आहेत हे तिघांपैकी कुणालाच अजून ठाऊक नाही. आतिथ्याच्या धर्माला जागून हुंडिंग पाहुण्याला रात्रीपुरता आसरा देतो आणि सकाळी गाठ माझ्याशी आहे, असं बजावून झोपायला जातो.

हा प्रवेश एकाच गायकाच्या तोंडून आपण घरबसल्या दोनदा पाहू शकतो. मात्ती साल्मिनेन हा फिनलंडचा बास गायक 1980 साली जर्मनीतल्या बायरॉइटमध्ये हुंडिंग झाला, तेव्हा तो पस्तिशीत होता. 2007 साली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात त्यानं तीच भूमिका केली, तेव्हा साठी ओलांडली होती. दोन्ही प्रयोग चित्रित झालेले आहेत. पहिला जुन्या टेलिव्हिजनच्या चौकोनी चौकटीत, दुसरा हाय डेफिनिशनमध्ये. दोन्ही चकत्या एकामागून एक लावल्या की ऑपेरा घरात आणताना नेमकं काय घरात येतं आणि काय दाराबाहेर राहतं, याचा चांगला अंदाज येतो.

आधी आकडे. युरोपातल्या जुन्या टेलिव्हिजनचं चित्र 625 ओळींचं, त्यातल्या दिसणाऱ्या 576. डीव्हीडीवर तेच चित्र 720 गुणिले 576 ठिपक्यांचं होतं. 2006 साली बाजारात आलेल्या ब्लू-रेवर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे पाचपट ठिपके. दोन थरांच्या चकतीत 50 गिगाबाइट मावतात, त्यामुळे तीन तासांचा ऑपेरा एका चकतीवर बसतो आणि आवाजही काटछाट न करता देता येतो. एक मेख मात्र आहे. ऑपेराचं चित्रण सहसा टेलिव्हिजनसाठी होतं, म्हणून बहुतेक चकत्यांवर चित्राच्या ओळी एकआड एक रंगवलेल्या असतात. युरोपात सेकंदाला 50च्या हिशेबानं टिपलेलं चित्र जगभर विकता यावं म्हणून पुष्कळदा 60वर नेलं जातं. कॅमेरा आडवा सरकला की त्याचा बारीक हिसका डोळ्याला जाणवतो. ज्यांना जाणवत नाही ते सुखी.

हे सगळं गृहीत धरूनही माझं मत असं की बायरॉइटची जुनी, मऊ, चौकोनी चित्रं व्हॅलेन्सियाच्या लखलखीत चकतीपेक्षा सरस आहेत. याचं कारण ठिपक्यांत सापडत नाही. ते ब्रायन लार्ज नावाच्या माणसात आहे.

'डी वाल्क्यूरे' हा ज्या 'रिंग'चा भाग आहे, ती म्हणजे चार ऑपेरांची साखळी, साधारण पंधरा तासांची. वाग्नरनं ती 1848 ते 1874 अशी सव्वीस वर्षं लिहिली आणि 1876 साली बायरॉइटला तिच्यासाठीच बांधलेल्या नाट्यगृहात सादर केली. (आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं ते 1880 साली. गाण्यातून नाटक पुढे नेण्याचे दोन अगदी निराळे मार्ग चार वर्षांच्या अंतरानं सुरू झाले.) वाग्नरनं या नाट्यगृहात वाद्यवृंद रंगमंचाखालच्या खड्ड्यात झाकून टाकला आणि प्रेक्षागृहात अंधार केला. प्रेक्षकाला चित्राखेरीज दुसरं काही दिसू नये, हा त्याचा हट्ट. एका अर्थानं दिवे मालवून टीव्हीसमोर बसणाऱ्याचीच तयारी तो शंभर वर्षं आधी करून ठेवत होता.

शताब्दीच्या वर्षी, 1976 साली, बायरॉइटनं 'रिंग' पॅट्रिस शेरो या एकतीस वर्षांच्या फ्रेंच दिग्दर्शकाच्या हाती दिली. वाद्यवृंदासमोर पिएर बुलेझ. शेरोनं देव-दानव पुराणातून काढून वाग्नरच्याच औद्योगिक शतकात आणले. ऱ्हाइन नदीच्या जागी नेपथ्यकार रिचर्ड पेदूत्सीनं वीजनिर्मितीचं धरण उभं केलं आणि जलकन्या धरणावरच्या वेश्या झाल्या. देवांचे कोट लांब, हात भांडवलदारांचे. पहिल्या वर्षी शिट्ट्या, आरडाओरडा, निषेधाची पत्रकं असं सगळं झालं. 1980 साली शेवटचा प्रयोग संपला तेव्हा मात्र टाळ्या तासाभराहून अधिक चालल्या. त्या पाच उन्हाळ्यांत प्रयोग घासून-पुसून घट्ट होत गेला होता. चित्रण 1979 आणि 1980 साली, म्हणजे तो पिकल्यावर झालं, हे आपलं भाग्य.

हे चित्रण रिकाम्या नाट्यगृहात झालं. म्हणून चकतीवर खोकला नाही, टाळी नाही. 'वन्स मोअर'वर वाढलेल्या मराठी कानांना ही शांतता सुरुवातीला खटकते, पण कॅमेऱ्याला तिनं मोकळं रान दिलं. कुणाच्या डोक्याआड होईल ही भीती नसल्यानं तो हवा तिथे उभा राहू शकला. 'वाल्क्यूरे'च्या दुसऱ्या अंकात रंगमंचावर एक भला थोरला लंबक झुलत असतो. देवांचा राजा वोटान सगळ्याचा शेवट आता व्हावा असं बोलून जातो आणि लंबक हातानं थांबवतो. याच अंकाच्या शेवटी हुंडिंगकडून मारल्या गेलेल्या सीगमुंडला, आपल्याच मुलाला, वोटान मिठीत घेतो. डोनाल्ड मॅकइंटायरचा तो चेहरा नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतून कधीच दिसला नसता.

हे चित्रण करणारा ब्रायन लार्ज लंडनचा, बीबीसीत तयार झालेला. स्मेताना आणि मार्टिनू या संगीतकारांवर पुस्तकं लिहिणारा अभ्यासक. ऑपेराचं चित्रण करणाऱ्याला स्वरलिपी वाचता येणं हे त्याच्या बाबतीत शोभेचं कौशल्य नव्हतं. त्या कामाची रीतच अशी आहे: कोणत्या मात्रेला कोणता कॅमेरा घ्यायचा हे आधी स्वरलिपीवर लिहून काढायचं, प्रत्येक शॉटला नंबर द्यायचा आणि प्रयोगाच्या वेळी चित्रणाच्या गाडीत बसून कुणीतरी तो नंबर पुकारायचा. एक मात्रा उशीर झाला की चेहरा दिसेपर्यंत सूर निघून गेलेला असतो. रंगमंचावरचा दिग्दर्शक सगळं एकाच वेळी समोर ठेवतो आणि कुठे बघायचं ते प्रेक्षकावर सोडतो. चकतीवर ही निवड आपल्या वतीनं दुसरं कुणीतरी करून मोकळं झालेलं असतं. या माणसाचं नाव वेष्टणावर शोधायला चष्मा लागतो.

पुन्हा हुंडिंगच्या घरी जाऊ. तो यायच्या आधी सीगलिंडे पाहुण्याला पाणी देते. तो पितो आणि दोघं एकमेकांकडे बघत राहतात. गाणं थांबलेलं असतं. वाद्यवृंदातला एकच चेलो त्या नजरेचं काम करतो. वाग्नरला ठाऊक होतं की मागे बसलेल्याला डोळे दिसणार नाहीत, म्हणून त्यानं डोळे चेलोत ठेवले. आता कॅमेऱ्यानं तेच डोळे पडदाभर दाखवले, तर तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते आणि चेलो पार्श्वसंगीत होऊन बसतो. हा धोका प्रत्येक ऑपेरा-चित्रणाला असतो. चित्र जितकं स्वच्छ, तितका क्लोज-अपचा मोह मोठा. शेरोचे नट दुरूनही वाचता येतील असे पूर्ण देहानं बोलतात. सीगमुंड झालेला पीटर हॉफमन आणि सीगलिंडे झालेली जनीन ऑल्टमायर एकमेकांपासून किती हातांवर उभे आहेत, हेच तिथे बातमी असतं. आणि साल्मिनेनचा हुंडिंग एकटा येत नाही. मागे माणसांचा जमाव घेऊन येतो. गावातली सत्ता घरात शिरते. हे कळायला चौकटीत जमाव दिसायला हवा, नुसतं नाक-डोळे पुरत नाहीत.

व्हॅलेन्सियाची 'रिंग' ही दुसऱ्या टोकाची गोष्ट, आणि तिच्याशी आपला धागाही जुळतो. तिचा संचालक झुबिन मेहता, 1936 साली मुंबईत जन्मलेला. सांतियागो कालात्रावानं उभारलेलं पालाउ द लेस आर्ट्स 2005 साली उघडलं आणि 2007 ते 2009 या काळात तिथे चारही ऑपेरा झाले. सादरीकरण कातालोनियातल्या ला फुरा देल्स बाउस या मंडळींचं. ही मंडळी मुळात रस्त्यावरची, कसरतींची. त्यांनी जलकन्यांना खरोखर पाण्याच्या पारदर्शक टाक्यांत सोडलं, देवांना क्रेनवर चढवलं, क्रेन ढकलणारी माणसं उघड दाखवली आणि देवांचा महाल लटकलेल्या मानवी देहांचा बनवला. मागे अखंड व्हिडिओचे मोठे पडदे. हे दृश्य हाय डेफिनिशनसाठीच जन्माला आलं असावं असं वाटतं: थेंब न् थेंब, दोर न् दोर दिसतो. साखळीतला पहिला ऑपेरा 'ऱ्हाइनगोल्ड' पाहताना मी थक्क झालो, हे कबूल. पण हुंडिंगच्या घरात तीन माणसं उरतात आणि कसरतींना काम राहत नाही. तिथे चकतीचा जोर एकदम ओसरतो. तिथे तिला वाचवतो तो साल्मिनेनच. वयानं त्याचा आवाज खरखरीत झालेला आहे, पण हुंडिंगला ते शोभतं. हालचाली कमी, वजन जास्त. जमाव नसला तरी चालेल असा हा माणूस आहे.

आवाजाचा मुद्दा मात्र चित्रापेक्षा गंभीर आहे. ऑपेराचा गायक माइकशिवाय गातो. शंभर-एक वाद्यांच्या वरून त्याचा आवाज जातो कसा, याचा अभ्यास स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी केला. वाद्यवृंदाची ताकद साधारण 500 हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते. तयार गळा 3000 हर्ट्झच्या सुमारास ऊर्जेचा एक जादा उंचवटा उभा करतो आणि तेवढ्या फटीतून श्रोत्याच्या कानापर्यंत पोचतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे 3800 खुर्च्या आहेत. तिथे एखादा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत येऊन अंगावर आदळतो आणि दुसरा वाद्यवृंदात बुडून जातो. चकतीवर दोघंही सारखेच ऐकू येतात. माइक लहान आवाजाला उचलतो, मोठ्याला आवरतो आणि सोफ्यावरचा श्रोता दोघांना एकाच मापानं तोलतो. ऑपेराचा निम्मा थरार माणसाच्या गळ्याच्या आकाराचा आहे. कुठलीही चकती तो आकार आणत नाही, मग ध्वनी कितीही बिनकाटछाटीचा असो. घरी आवाज वाढवून पाहिला तर भिंतीपलीकडचे शेजारी आकार ठरवून देतात.

मेट्रोपॉलिटनचं नाव निघालंच आहे, तर तिसऱ्या 'रिंग'बद्दल थोडं. चित्रणात ही संस्था जुनी खेळाडू: 1931च्या नाताळापासून नियमित रेडिओ प्रक्षेपण, 1977 साली पावारोत्तीच्या 'ला बोएम'पासून टेलिव्हिजनवर नियमित प्रयोग, आणि 30 डिसेंबर 2006ला 'मॅजिक फ्लूट'पासून चित्रपटगृहांत थेट हाय डेफिनिशन. 2010 ते 2012मध्ये दिग्दर्शक रोबेर लपाजनं तिथे केलेल्या 'रिंग'ला एकच नेपथ्य होतं: 24 फळ्यांचं, 45 टनी, फिरणारं यंत्र. पहिल्याच रात्री शेवटच्या प्रवेशात ते अडलं आणि देवांना इंद्रधनुष्याचा पूल मिळालाच नाही. समीक्षकांनी या प्रयोगाला सोडलं नाही. आता चकती लावा. व्हिडिओ दिग्दर्शक गॅरी हाल्वरसन, 'फ्रेंड्स' मालिकेचे अनेक भाग दिग्दर्शित केलेला. त्याला चेहऱ्यांची ओढ. त्यामुळे यंत्र मागे धूसर राहतं आणि समोर ब्रिन टेरफेलचा वोटान, योनास काउफमनचा सीगमुंड ही उत्तम माणसं उरतात. नाट्यगृहात ज्यावर एवढं भांडण झालं ते घरात जवळजवळ दिसतच नाही. चकतीनं एका फसलेल्या निर्मितीला वाचवलं म्हणायचं की तिच्याबद्दल खोटी साक्ष दिली म्हणायचं? दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच फक्त चकत्या पाहून एखाद्या दिग्दर्शकाबद्दल ठाम मतं मांडणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो.

शेरोकडे याच्या नेमकं उलट घडलं. साखळीतल्या शेवटच्या 'ग्योटरडेमरुंग'च्या अखेरीस देवांचा महाल जळतो, नदी चढते आणि रंगमंचावर उरलेली सामान्य माणसं हळूहळू वळून प्रेक्षागृहाकडे बघतात. पुढे काय ते तुम्ही सांगा, असं. चित्रणाच्या वेळी समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ती नजर झेलायला कॅमेऱ्याशिवाय कुणी नव्हतं. बायरॉइटमध्ये ती जवळपास दोन हजार माणसांत वाटली जायची. चकतीवर ती एकट्या बघणाऱ्याच्या वाट्याला येते. चित्रणानं मूळ प्रयोगात भर घातली असं मी मोजक्या जागांबद्दल म्हणेन, त्यातली ही एक.

मराठी वाचकाला यातलं काही बघायचं असेल तर अडचण भाषेची आहे. माझ्याकडच्या चकत्यांवर इंग्रजी, फ्रेंच, कधी कोरियन, जपानी, चिनी ओळी आहेत. एकही भारतीय भाषा नाही. इंग्रजी ओळी वाचत बसलं की चेहरा निसटतो, म्हणून अंकाची गोष्ट आधी वाचून ओळी बंद करणं हा माझा उपाय. प्रदेशाच्या कुलपाची चिंता शास्त्रीय संगीताच्या बहुतेक ब्लू-रेंना नसते, त्या कुठल्याही यंत्रावर चालतात. मुंबईत एनसीपीए मेट्रोपॉलिटनचे प्रयोग मोठ्या पडद्यावर दाखवतं, तिथे आवाज निदान अंगावर तरी येतो. सुरुवात करायची तर पंधरा तासांचा डोंगर अंगावर घेऊ नये. 'वाल्क्यूरे'चा पहिला अंक पुरे, तासाभराचा, तीन माणसांचा. आधी शेरोची चकती, दुसऱ्या संध्याकाळी व्हॅलेन्सियाची. साल्मिनेन दोन्हीकडे तेच सूर गातो. कॅमेरा त्याच्यापासून कधी दूर जातो तेवढं बघत राहावं.