टब गेला, शॉवर आला. पण पाणी जाणार कुठून?

दारव्हा : न्हाणीघराची दुरुस्ती निघाली की घरात चर्चा रंगते ती टाइल्सच्या रंगाची. जमिनीखालच्या पाइपाकडे कुणी बघत नाही. बाथटब काढून शॉवर बसवताना पुढे पैसे खातो तो नेमका हाच पाइप. दारव्ह्यासारख्या गावात टब तसा दुर्मीळच. पण हौद काढून शॉवर करणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडते.

टबाचा निचरा पाइप साधारण ४० मिलिमीटरचा, म्हणजे दीड इंची असतो. टबात पाणी तुंबले तरी ते टबातच राहते. शॉवरखाली तुंबले, तर थेट उंबरा ओलांडते. त्यामुळे इथे ७५ मिलिमीटरचा पाइप बरा. जुन्याच भोकावर जाळी ठेवून काम उरकू देऊ नये. फरशीला जाळीकडे दर फुटाला पाव इंच उतार हवा. पाच फुटांत सव्वा इंच.

जाळीखाली बसतो तो नहाणी ट्रॅप. बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला हेच आपले नाव आहे! त्यात किमान ५० मिलिमीटर पाणी कायम साचून राहते आणि गटारातला वायू व झुरळे अडवते. हे पाणी आटले की वाट मोकळी. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा न्हाणीघरातले कोरडे पडलेले ट्रॅप हे एक प्रमुख कारण मानले गेले. आपल्याकडे मे महिन्यात वापरात नसलेल्या न्हाणीतला ट्रॅप पटकन सुकतो. आठवड्याला दोन तांबे पाणी ओतले की भागते.

टबाखालचा जुना ट्रॅप मात्र काढायलाच हवा. एकापुढे एक दोन ट्रॅप राहिले, तर मधे हवा अडकते आणि पाणी गुडगुड करत संथ उतरते. मिस्त्री ‘राहू द्या, काय बिघडतंय’ म्हणाला तरी ऐकू नये.

यवतमाळ जिल्ह्यातली काळी माती हा वेगळाच त्रास. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे सांधे ओढले जातात. गळती महिनोन्महिने कळत नाही. कळते ती भिंतीला ओल चढल्यावर. म्हणून तळमजल्यावर पाइपाखाली मुरमाचा थर दाबून घ्यावा. वरच्या मजल्यावर पाइपासाठी स्लॅब फोडण्यापेक्षा न्हाणीची फरशी उचलून घेणे सुरक्षित.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल्स लावण्याआधी, ट्रॅपचे तोंड बंद करून न्हाणीत २४ तास पाणी भरून ठेवावे आणि पातळीची खूण भिंतीवर करावी. पाणी खुणेच्या बरेच खाली गेले, तर टाइल्सचे काम थांबवून आधी गळती शोधावी. जाळी सिमेंटने पक्की करू नये. केस काढायला ती उचलता आली पाहिजे.