‘पाप कोणाचं?’ या प्रश्नापलीकडे

आई तापानं अंथरुणाला खिळलेली, जवळ अन्नाचा कण नाही आणि तिला बाजरीच्या भाकरीचा तुकडा खावासा वाटत होता. मुलगी शेजारच्या घरी गेली. मागायची लाज इतकी, की तोंडातून शब्द फुटेना. शेवटी कशीबशी भाकरी मिळाली. पण ती आणेपर्यंत आईला घास गिळण्याचंही त्राण उरलं नव्हतं. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. मुलगी बुटकी, खांद्याची उंची जुळेना, म्हणून तिनं आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला आणि तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेला.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. 1870च्या दशकातल्या मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास 1880 साली गेला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं. 1882 साली पती बिपिनबिहारी पटकीनं गेले. मांडीवर लेक मनोरमा, रमाबाईंचं वय तेवीस.

इतकं सोसलेल्या माणसाला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जायचा, कधी तोंडावर, कधी पाठीमागे: कुठल्या जन्मीचं पाप? विधवेच्या बाबतीत तर उत्तरही तयार असायचं. नवऱ्याला खाल्लं, पांढऱ्या पायाची. आठ-दहा वर्षांच्या बालविधवेनं हे ऐकत मोठं व्हायचं.

रमाबाईंनी पुढे स्वीकारलेली ख्रिस्ती श्रद्धा संकटाकडे कसं पाहते, हे समजायला योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांधाचा प्रसंग उपयोगी पडतो. शिष्य येशूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापानं, याच्या की आईबापांच्या? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. या माणसाच्या ठायी देवाची कामं दिसावीत, असं म्हणतो आणि लगेच कामाला लागतो. ईयोबाच्या ग्रंथातही हेच घडतं. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसून राहतात, तोवर सगळं ठीक असतं. मग ते कारणं सांगायला लागतात, तुझ्या हातून काहीतरी घडलंच असणार म्हणून बजावतात, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नव्हे, त्या मित्रांवर होतो. देवाशी उघड भांडणारा ईयोब देवाला चालतो.

हे भांडण ख्रिस्ती उपासनेच्या गाभ्यात आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत. वधस्तंभावर येशूनं मारलेली हाक त्यांतल्याच एका स्तोत्राची, बाविसाव्या. देवानं आपल्याला का टाकलं, असं खुद्द ख्रिस्तानं विचारलं आहे. ‘देवावर विश्वास आहे ना, मग रडतोस कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी शुभ शुक्रवारची उपासना नीट ऐकावी. विश्वास म्हणजे संकटाविरुद्धचं कवच, ही समजूत मला घातक वाटते. संकट आलं, की माणसाला दुःख होतं ते होतंच, वर आपली श्रद्धाच कमी पडली अशी टोचणी लागते.

रमाबाईंची श्रद्धासुद्धा मुकाट नव्हती. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या धर्मभगिनींशी पत्रांतून शिकवणुकीवर वाद घालणं थांबवलं नाही. सुरुवातीला आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, त्याचा प्राण असलेला ख्रिस्त पुढे सापडला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे पुण्यात प्लेग आला आणि इस्पितळात बायकांची होणारी हेळसांड कानावर आली, तेव्हा त्यांनी 1897 साली वर्तमानपत्रातून सरकारला जाब विचारला.

मात्र त्या श्रद्धेचा कस लागला तो दुष्काळात. 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी झाडपाला खाऊन दिवस काढलेल्या या बाईला पुन्हा ती उपासमार डोळ्यांनी पाहणं सोपं नसणार. तरी त्या गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, म्हणून पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला नेलं. तिथली जमीन आधीच घेतलेली होती. 1889 साली विधवांसाठी सुरू केलेल्या शारदा सदनासाठी अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांचीच मदत कबूल केली होती. ती संपल्यावर शेतीवर, फळबागेवर संस्था चालावी हा हिशेब. प्रार्थना करणारी बाई विहिरी खणून ठेवत होती, यात मला काही विसंगती दिसत नाही. केडगावचं हेच ‘मुक्ती’ सदन. 1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

तिथं आंधळ्या बायकांसाठी वेगळं सदन होतं. मनोरमाबाई परदेशात ब्रेल शिकून आल्या आणि त्यांना वाचायला शिकवू लागल्या. सदनाला नाव दिलं बार्तीमयाचं. हा यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. येशू जातोय हे कळताच तो ओरडू लागला. लोकांनी दटावलं, तर आणखी मोठ्यानं ओरडला. ‘गप्प बस’ एवढंच आयुष्यभर ऐकलेल्या बायकांच्या सदनाला याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

उतारवयात रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराला लागल्या. संस्कृतावर असाधारण प्रभुत्व असलेल्या या विदुषीनं हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि मराठी मात्र खेड्यातल्या बाईला कळेल अशी ठेवली. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात; खिळे जुळवायला तिथल्याच मुली. 1921च्या जुलैत मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं, तीच आधी गेली. रमाबाईंनी त्यानंतरही मुद्रितं तपासणं चालू ठेवलं. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. शेवटची मुद्रितं त्याच सुमारास हातावेगळी झाली होती, असं मुक्तीत सांगतात. संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर पडलं. अक्षरओळख झाली, की वाचता यावं अशा मराठीत ईयोबाची तक्रार, स्तोत्रांतला आक्रोश आणि बार्तीमयाची आरोळी आता केडगावच्या बायकांना स्वतः वाचता येणार होती.