चुलीचा पगार

ज्या गावाच्या नावातच लोणी आहे, त्या गावच्या माहेरवाशिणीने दूध, दही, तूप यांना रजा देणाऱ्या स्वयंपाकावर लिहावे, ही थोडी गमतीचीच गोष्ट म्हटली पाहिजे. माझे माहेर लोणी भापकर. बारामती तालुक्यातले, मोरगावच्या बाजूचे जिरायती गाव. परगावची माणसे आमच्याकडे येतात ती मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ, तिथली पुष्करिणी आणि यज्ञवराहाची दगडी मूर्ती पाहावयास. गावकऱ्यांचे आणखी एक दैवत आहे, ते गोठ्यात उभे असते. इंग्रजी अमदानीत नीरेचा डावा कालवा आला आणि तालुक्याच्या दक्षिणेला, पुढे इंदापुराकडे, ऊस डोलू लागला. आमच्या वाट्याला बाजरी आणि आभाळाकडे पाहणे आले. अशा ठिकाणी संकरित गाय हीच खरी बागायत. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ दूध घालावे, फॅट आणि एसएनएफचे आकडे असलेली चिठ्ठी घ्यावी आणि दर दहा दिवसांनी हिशेब व्हावा. त्या पैशाला आमच्याकडे कोणी उत्पन्न म्हणत नाही. त्याला ‘दुधाचा पगार’ म्हणतात.

याच भागातली माझी एक विद्यार्थिनी यंदा मला म्हणाली, ‘‘मॅडम, बी. ए. झाल्यावर मी स्वयंपाकाचे व्हिडिओ करणार. दूध-तूप अजिबात वापरायचे नाही. सगळे व्हीगन!’’ हिच्या घरी चार गाई. हिची फी भरली जाते ती दुधाच्या पगारातून. तिच्या आईने ऐकले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘मंग आपल्या गाया काय पाप करत्यात व्हय?’’

त्या माउलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि मुलीचा बेतही नाही. म्हणून म्हटले, दिवाळी अंकाच्या निमित्ताने दोघींचे म्हणणे नीट तपासून पाहू.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीच्या अध्यापिकेला दुसरे काय सुचणार? ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन नावाच्या एका सुतारकामाच्या शिक्षकाने आणि त्याच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ या लांबलचक इंग्रजी शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे घेऊन तो बनविला. मांसाबरोबर दूध, अंडी, मध हे पदार्थही वर्ज्य मानणारी ही मंडळी. आता १ नोव्हेंबर हा त्यांचा जागतिक दिवस पाळला जातो, तोही नेमका आपल्या दिवाळीच्या आगेमागे! मराठीत या आहाराला सर्वमान्य नाव अजून रुळलेले नाही. आमच्या ‘शाकाहारी’ शब्दात दुधाची कासंडी गृहीतच धरलेली असते. ‘निर्दुग्ध’ म्हणून पाहावे, तर मध तसाच राहून जातो. सरकारने मात्र शब्दाची वाट पाहिली नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन खाद्यपदार्थांचे स्वतंत्र नियम केले. दूध, तूप, लोणी, अंडी, मध यांपैकी काही असेल, तर त्या पाकिटावर हे नाव लावता येत नाही.

शब्द परका असला, तरी विचार तितका परका आहे काय? दिवाळीची सुरुवात होते ती वसुबारसेने. त्या दिवशी गाय-वासराची पूजा करावयाची आणि अनेक घरांत गाईचे दूध, दही, तूप, ताक काहीही खावयाचे नाही. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी एवढ्यावर उपवास सोडावयाचा. वर्षातला एक दिवस का होईना, दूध हे प्रथम वासराचे आहे, हे आमच्या आज्यांनी पंचांगात लिहून ठेवले आहे. तो दिवस पाळणाऱ्या बाईनेच दुसऱ्या दिवशी पहाटे धार काढली आणि त्यात तिला कधी विसंगती वाटली नाही. म्हणून त्या माउलीला उत्तर देता येईल, ते असे: गाई पाप करीत नाहीत आणि तुम्हीही करीत नाही. तुमची लेक तुमची वसुबारस वर्षभर लांबवू पाहते आहे, इतकेच. ती तशी सर्वांनी लांबवावी की नाही, याचे उत्तर ज्याने त्याने द्यावे. पण ज्या गावात पाण्याच्या अभावी दुसरा धंदा नाही, तिथे गोठा बंद करा असे सांगणाऱ्याने दहा दिवसांच्या पगाराची सोयही सांगितली पाहिजे.

आता ताटाकडे वळू. शहरातल्या माणसाला वाटते, व्हीगन म्हणजे बदामाचे दूध, टोफू आणि महागडी पाकिटे. आमच्या जिरायती घराच्या फडताळात डोकावून पाहा. बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची उसळ, डाळीचे पिठले, तेलात परतलेला मिरचीचा ठेचा, कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, सांडगे, तांदुळजा, अंबाडी, हुलग्याचे माडगे. यांत दुधाचा थेंब नाही. दूध डेअरीला गेले, तूप सणासाठी राहिले आणि रोजच्या ताटाने त्यांच्यावाचून चव शोधली. पुरणाच्या सणालाही कटाची आमटी दुधाकडे हात पसरीत नाही. फराळाच्या डब्यातली तेलाचे मोहन घातलेली चकली, शेव आणि पोह्यांचा चिवडा ही तर जन्मतःच व्हीगन मंडळी. अडचण काय ती तुपाच्या लाडवाची.

दह्याचीही सोय आहे. शेंगदाणे रात्रभर भिजवून वाटावेत, पाणी घालून गाळावेत, ते दूध उकळून कोमट झाले की त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून उबेला ठेवावे. पहिले दही मऊसर लागते. पुढच्या वेळी त्याचेच विरजण लावले की बरे जमते. ‘दूध’ म्हणावे की नाही, यावर वाद आहेत. २०१७ साली युरोपच्या न्यायालयाने सोयाच्या पेयाला ‘दूध’ म्हणून विकण्यास मनाई केली आणि २०२१ साली आपल्या प्राधिकरणानेही तसाच पवित्रा घेतला. नारळाच्या दुधाला मात्र सूट मिळाली. कोकणातल्या सोलकढीने न्यायालयाची पायरी न चढताच खटला जिंकला म्हणावयाचा!

ही शिदोरी घेऊन बाजारात उतरता येते काय? परदेशात अनेकजणी उतरल्या आहेत. टॅबिथा ब्राउन ही अमेरिकन नटी कामाअभावी टॅक्सी चालवीत होती. २०१७ च्या अखेरीस तिने मोटारीत बसून एका व्हीगन सँडविचचे कौतुक करणारा व्हिडिओ टाकला आणि तिचे दिवस पालटले. पुढे २०२० साली तिने गाजराच्या पातळ पट्ट्या खमंग भाजून दाखविल्या, तेव्हा तर ती घरोघर पोचली. निशा व्होरा ही भारतीय वंशाची मुलगी हार्वर्डची कायद्याची पदवीधर. वकिली सोडून तिने व्हीगन स्वयंपाक शिकविणारी वाहिनी काढली. २०१९ आणि २०२४ साली तिची पाकपुस्तके निघाली. दोघींच्याही यशात एक गोष्ट समान आहे. ‘हे खाऊ नका’ असे त्या रागावून सांगत बसल्या नाहीत. ‘हे खाऊन पाहा’ म्हणाल्या.

मराठीत या पंथाची इतकी गाजलेली बल्लवाचार्या अजून माझ्या पाहण्यात नाही. पण स्वयंपाकाच्या व्हिडिओवर संसार उभा राहतो, हे मराठी बायकांनी केव्हाच सिद्ध केले आहे. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना सुरुवात केली; पुढे त्या पुण्यात आल्या, मराठीतून बोलू लागल्या आणि ‘मधुराज रेसिपी’ हे नाव घराघरांत गेले, मसाल्यांच्या पुड्यांवरही आले. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरातल्या, सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी २०२० साली, सत्तरीच्या घरात असताना, नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ ही वाहिनी सुरू केली आणि थोड्याच महिन्यांत लाखो लोक त्यांच्या कारल्याच्या भाजीपासून पुढचे सारे पाहू लागले.

ही वाट तशी जुनीच आहे. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी हजार पाककृतींचे ‘गृहिणीमित्र’ छापले. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि ‘अंदाजाने मीठ’ याच्या जागी वाटी-चमच्याचे माप बसले. पुस्तकाने हाताला माप दिले. व्हिडिओने त्या हाताला चेहरा आणि आवाज दिला. आणि पगारही? इथे जरा थांबून हिशेब केला पाहिजे.

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हावयास हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे पाहणे लागते. नाहीतर नव्वद दिवसांत छोट्या व्हिडिओंना एक कोटी प्रेक्षणे. चार हजार तास म्हणजे किती? दहा मिनिटांचा व्हिडिओ माणसे सरासरी चार मिनिटे पाहतात असे धरले, तर साठ हजार वेळा तो उघडला गेला पाहिजे. त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के करणाऱ्याचे, छोट्यांचे ४५ टक्के. शिवाय अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार जितके मोजतो, तितके लोणी भापकरच्या प्रेक्षकासाठी मोजीत नाही. म्हणून या धंद्यातली शहाणी माणसे जाहिरातीवर विसंबत नाहीत. पुस्तक, मसाले, चटण्या, शिकवणी वर्ग असे चार पाय जोडतात. चटणी विकावयाची म्हटली की अन्नसुरक्षेची नोंदणी आली. पैसे घेऊन एखाद्या कंपनीच्या तेलाची स्तुती केली, तर तसे स्पष्ट सांगावे, असा केंद्र सरकारचा दंडक २०२३ च्या जानेवारीपासून आहे.

डेअरीची चिठ्ठी आणि या नव्या धंद्याची चिठ्ठी यांत मला एक फरक दिसतो. डेअरीवर फॅट कमी लागले, तर गाईला पेंड कमी पडली की काय, एवढे तरी कळते. इथे आकडे रोज दिसतात. पण काल लाखाने पाहिलेली बाई आज हजारावर का आली, हे सांगणारा कोणी नाही. कोणाचा व्हिडिओ पुढे करावयाचा, हे यंत्र ठरविते आणि यंत्राची फुटपट्टी आपल्या हाती नसते. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या कित्येक पोरांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘आपली आजी’ वाहिनीही कोणा चोराने बळकावली होती. ती काही दिवसांनी परत मिळाली. गाय चोरीला गेली तर माग काढता येतो. वाहिनीचा माग कोण काढणार?

आणखी एक जबाबदारी आहे. दूध सोडा म्हणणाऱ्याने ब जीवनसत्त्वाच्या बाराव्या प्रकाराची, म्हणजे बी-ट्वेल्व्हची, गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. मुळीच दूध न घेणाऱ्याला ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या अन्नातून घ्यावे लागते. नाचणी, तीळ यांनी कॅल्शियमची थोडीफार भरपाई होईल; याची होणार नाही. ‘आजीच्या पदार्थांत सर्व काही आहे’ असे ठोकून देणे कॅमेऱ्यापुढे फार सोपे असते. हजारो लोक ऐकत असताना ते बरे नव्हे.

मग माझा सल्ला काय? मुलींनी या वाटेने जरूर जावे. पण गोठा मोडून नव्हे. दुधाच्या पगारावर दोन वर्षे तग धरावा, आठवड्याला दोन व्हिडिओ नेमाने करावेत, बदामाचे दूध शहरातल्यांना करू द्यावे आणि आपण हुलगा, मटकी, कारळे, जवस घेऊन उतरावे. मुंबईच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरात व्हीगन झालेल्या मुलापुढे काय वाढावे, या काळजीत जी आई बसली आहे, तिला शेंगोळ्यांची कृती दाखविणारे कोणी तरी हवेच आहे. आमच्या गरिबीने शिकविलेला स्वयंपाक तिच्या गरजेचा आहे, हा काळाचा मोठा विनोद. पण त्या विनोदावर घर चालत असेल, तर हसत हसत घ्यावा.

एक अट मात्र मी घालीन. कॅमेऱ्यापुढे बोलते लेक, कॅमेरा धरतो भाऊ आणि कृती असते आईची. पैसे जमा होतात ते खाते ज्याच्या नावाचे, त्याच्याकडे. धार काढते बाई आणि डेअरीच्या वहीत नाव पुरुषाचे, हा प्रकार आमच्या भागाला नवा नाही. तोच प्रकार चुलीपाशीही सुरू होऊ नये. शेंगोळ्यांना वळ कसा द्यावा, ठेच्यातले तेल कधी थांबवावे, ही विद्या ज्या हातांनी पन्नास वर्षे फुकट चालविली, त्या हातांच्या नावाचे पासबुक निघाले पाहिजे. दूध घालणाऱ्या घराला दर दहा दिवसांनी पगार मिळतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला तो आजवर मिळाला नाही. आता कोठे मिळण्याची चिन्हे दिसत आहेत. तेव्हा वहीवर नाव नीट पाहून घातलेले बरे.