इंग्रज गेले, पण भूसंपादन कायदा तामलवाडीत आला

इंग्रज गेल्यावर त्यांचे कायदे आपल्या मानेवर राहिले, ही तक्रार जुनीच आहे. पण मराठवाड्याची गोष्ट त्याहून विचित्र आहे. तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी निजामाच्या राज्यात होती. तेथे इंग्रजांचा 1894 चा भूसंपादन कायदा चालतच नव्हता. निजाम सरकारचा 1309 फसलीचा स्वतंत्र कायदा होता. 17 सप्टेंबर 1948 ला निजामशाही संपली, आणि 1964 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून इंग्रजांचा कायदा मराठवाड्याला लावला. म्हणजे गोरा साहेब गेल्यावर 17 वर्षांनी त्याचा कायदा इथे पोहोचला, आणि तोही आपल्याच लोकप्रतिनिधींच्या हातून! याला काय म्हणावे?

या कायद्याचा गाभा समजून घेतला पाहिजे. जमीन 'सार्वजनिक कामासाठी' हवी आहे असे सरकारने कलम 6 खाली जाहीर केले की तीच घोषणा निर्णायक पुरावा. काम सार्वजनिक कसे, हे विचारायची सोय नाही. हरकत घेण्याचे कलम 5-अ सुद्धा 1923 साली आले. तोपर्यंत मुळशीच्या मावळ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणासाठी घेतल्या जात होत्या. 1921 साली तेथे सत्याग्रह झाला, 1924 पर्यंत तो मोडला. धरण खाजगी कंपनीचे होते आणि हेतू मात्र सार्वजनिक ठरला होता.

पण बांधवांनो, मुळशीचा इतिहास सांगणारे एक गोष्ट क्वचितच सांगतात. या कायद्याला दिसतो तो फक्त मोबदल्यावर हक्क सांगणारा 'हितसंबंधित'. दुसऱ्याच्या रानात राबणारा मजूर त्यात बसत नाही. जमीन गेली तर मालकाला पैसे मिळतात, मजुराची मात्र रोजी जाते आणि त्याची नोंदही होत नाही. गायरान कसणारा तर अतिक्रमणदार! शासनाने 28 नोव्हेंबर 1991 च्या निर्णयाने 14 एप्रिल 1990 पूर्वीची गायरान अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, पण सातबाऱ्यावर नाव न चढलेले किती तरी जण अजून तसेच आहेत. हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी भोगवटादार वर्ग 2 मध्ये असतील तर मोबदल्याच्या वेळी नजराण्याचा प्रश्न पुढे येतो. वतनाच्या नावाखाली पिढ्यान्पिढ्या फुकट राबवून घेतले, त्याचा हिशेब कोणी काढला? याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब स्वतः तेथे आले होते. वतनाच्या जमिनीचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

1 जानेवारी 2014 पासून 1894 चा कायदा गेला. 2013 च्या कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दात शेतमजूर, कुळे, बटईदार, कारागीर आले. अट एवढीच, की संपादनापूर्वी तीन वर्षे ते त्या क्षेत्रात काम करत असावेत आणि त्यांची मुख्य उपजीविका बाधित झालेली असावी. शासनाने वाटप केलेली जमीन कसणारे कुटुंबही त्यात आहे. नोकरी, नाही तर एकरकमी 5 लाख रुपये, किंवा 20 वर्षे दरमहा किमान 2 हजार, असा पर्याय कायद्यात लिहिलेला आहे. महामार्ग आणि रेल्वेच्या कायद्यांना सुरुवातीला यातून वगळले होते; 28 ऑगस्ट 2015 च्या केंद्राच्या आदेशाने मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तेथेही लागू झाल्या. उलट महाराष्ट्राने 2018 साली दुरुस्ती करून अनेक प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट दिली. मजूर किती हे मोजायची जागाच तो अभ्यास होता!

सोलापूर-धुळे महामार्ग रुंद झाला, तामलवाडीला टोलनाका आला. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव असा सुमारे 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग होत आहे. विकासाला आपला विरोध नाही. रेल्वे आपल्यालाही हवी. मात्र भूसंपादनाच्या गावसभेत बागायती किती, जिरायती किती, विहीर आणि झाडे किती यावरच सगळी चर्चा होते. ज्यांच्याकडे विहीर नाही ते मागे उभे असतात. कार्यकर्त्यांनी त्यांना पुढे बसवावे, तीन वर्षांच्या मजुरीचे पुरावे, रोजगार हमीची कार्डे, रेशनकार्डे गोळा करावीत आणि भूसंपादन अधिकाऱ्याला लेखी विचारावे : बाधित कुटुंबांच्या यादीत शेतमजुरांची नावे किती?