परत आलेला प्रबंध

१९७२ साली हार्वर्ड विद्यापीठाने रॉबर्ट मेटकाफ यांचा पीएच.डी.चा प्रबंध नाकारला. त्यात सिद्धान्त कमी पडला होता. तेवढ्यात हवाई विद्यापीठाच्या नॉर्मन अब्रामसन यांचा लेख त्यांच्या वाचनात आला. तिथे बेटाबेटांवरून संगणकाचे संदेश रेडिओने जात. दोन संदेश आदळले, की जो तो वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा पाठवी. मेटकाफ यांनी या पद्धतीचे गणित नव्याने मांडले आणि १९७३ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी त्यांनी ‘इथरनेट’ची कल्पना मांडली : आधी कानोसा घ्या, मग बोला. आजही अनेक कचेऱ्यांतले संगणक इथरनेटच्या तारांनी जोडलेले असतात. २०११ मध्ये ते टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले; २०२२ चा ट्युरिंग पुरस्कारही त्यांना मिळाला. प्रबंध परत आलेल्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.